न्यायाचा खर्च कोणाच्या पदरीं?

डहाणू तालुक्यांत वाणगांव स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेनें गेलें म्हणजे चिंचणी हें गांव लागतें. खाडीच्या पलीकडे तारापूर. तारापूर म्हटलें कीं पुष्कळांना १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीज केंद्र आठवतें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या जोडगांवांपैकीं चिंचणीचें नांव अधिक जवळचें वाटतें, आणि तें १९५५ सालीं तेथें सांपडलेल्या ताम्रपटांमुळें. या ताम्रपटांवरील लेखांचें वाचन डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं प्रसिद्ध केलें. त्यांतील सर्वांत जुना लेख शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींतील आहे. त्या वेळीं संजाण मंडलाचा कारभार मधुमति उर्फ सुगतिप नांवाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मधुमति हें मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप. या गृहस्थानें दोन प्रवाहांवर उतारूंसाठीं विनामूल्य नावा ठेवल्या आणि संजाण येथें अन्नछत्र घातलें. त्या छत्रांत भात, कालवण आणि तूप फुकट मिळे, असें ताम्रपट सांगतो. संजाण आज गुजराथेंत मोडतें; त्या काळीं या किनाऱ्याचा कारभार तेथूनच चाले.

वाटसरूला फुकट नाव आणि फुकट भात देणाऱ्या त्या राजवटींत न्याय मात्र फुकट नव्हता. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत गांव दान देतांना त्याबरोबर कोणकोणते हक्क दिले यांची एक ठराविक जंत्री असते. त्या जंत्रींत ‘सदंडदशापराध’ असा एक शब्द येतो. दहा अपराधांबद्दलच्या दंडासह हें गांव दिलें, असा त्याचा अर्थ. ते दहा अपराध कोणते, याविषयीं पंडितांत एकवाक्यता नाहीं. पण आपल्या प्रश्नाला त्याची गरजहि नाहीं. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें तें एवढेंच कीं, गांवाच्या इतर उत्पन्नाप्रमाणेंच गांवांतील गुन्ह्यांचेंहि उत्पन्न धरलेलें होतें, आणि तें एकाकडून दुसऱ्याकडे देतां येत असे. ज्याला गांव मिळालें त्याला गांवांतील चोऱ्या, मारामाऱ्या आणि शिवीगाळ यांतून येणारा पैसाहि मिळाला. अपराध घडूं नयेत अशी ज्याची इच्छा असावी, त्याच्याच पदरीं अपराधाची मिळकत!

यांत त्या काळाला कांहीं गैर वाटत नव्हतें. याच उत्तर कोकणावर बाराव्या शतकांत राज्य करणाऱ्या शिलाहार अपरादित्यानें याज्ञवल्क्यस्मृतीवर जी टीका लिहिली, ती ‘अपरार्क’ या नांवानें विद्वानांत मान्य आहे. त्या स्मृतींत असा नियम आहे कीं, कर्जाच्या वादांत हरलेल्या ऋणकोनें शेंकडा दहा आणि जिंकलेल्या धनकोनें शेंकडा पांच राजाला द्यावे. हरलेल्यानें द्यावें हें समजतें. पण ज्याचें म्हणणें खरें ठरलें त्यानेंहि कां द्यावें? राजानें त्याच्यासाठीं श्रम घेतले म्हणून. न्याय हें राजाचें कर्तव्य, ही कल्पना आपल्या ग्रंथांत जागोजाग आहे. पण त्या कर्तव्याचें मोल दोन्ही पक्षांकडून घ्यावें, हीहि कल्पना तेथेंच आहे.

दमण पोर्तुगीजांनीं १५५९ सालीं घेतलें. दमण आणि वसई यांच्यामधला हा टापू पुढें पावणेदोनशें वर्षें त्यांच्या वर्चस्वाखालीं राहिला. त्यांच्या तुरुंगांची हकीकत आपणांस एका फ्रेंच वैद्याकडून कळते. देलाँ हें त्याचें नांव. धर्मन्यायसभेच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, हुकुमानें त्याला १६७३ सालीं दमण येथें पकडलें, वसईवरून गोव्यास नेलें आणि १६७६ च्या जानेवारींत शिक्षा सांगितली. तींत त्याच्या मालमत्तेची जप्ती होती आणि पांच वर्षांची गलबतावरील सक्तमजुरी होती. सुटल्यावर त्यानें १६८७ सालीं आपली कथा छापली. दमणच्या तुरुंगांत कैद्याला अन्न पुरविण्याची जबाबदारी कोणी घेत नसे. दयाळू लोकांनीं पाठविलें तर खावें, असा प्रकार. तेथें पूर्वी कोंडलेल्या मलबारी चाचांपैकीं पुष्कळांनीं भुकेच्या यातना न सोसून आपल्याच पागोट्यांनीं गळे आवळून घेतले, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. कैद्याचें पोट हा ज्याचा त्याचा प्रश्न, असें एकदां मानलें म्हणजे गोष्ट येथवर जाते.

१७३९ च्या आरंभीं मराठ्यांनीं तारापूरचा किल्ला घेतला, मे महिन्यांत वसई पडली, आणि या किनाऱ्यावर पेशव्यांचा अंमल बसला. मराठी राज्यांतील न्यायाविषयीं आपण रामशास्त्र्यांच्या निःस्पृहतेच्या गोष्टी लहानपणापासून ऐकतों, आणि त्या ऐकण्यासारख्याच आहेत. परंतु रामशास्त्र्यांपर्यंत पोंचण्याच्या वाटेवर किती ठिकाणीं हात सैल करावा लागे, हें मात्र कोणी सांगत नाहीं. मराठी दप्तरांतील चार शब्द घेतले तर सगळी वाट डोळ्यांपुढें उभी राहते: मसाला, मोहसल, हरकी आणि गुन्हेगारी.

समजा, १७६० च्या सुमारास तारापूरच्या बाजारांत मारामारी झाली आणि चिंचणीच्या एका माणसाविरुद्ध कमाविसदाराकडे फिर्याद गेली. कमाविसदार त्याला बोलावण्यास शिपाई धाडणार. या शिपायाच्या येण्याजाण्याबद्दल जी रक्कम पडे तिचें नांव मसाला. ती द्यावयाची कोणी? ज्याला बोलावणें आलें त्यानें. त्याचा गुन्हा अजून शाबीत व्हावयाचा आहे, किंबहुना त्याची बाजू अजून कोणी ऐकलेलीहि नाहीं. पण शिपाई दाराशीं आला कीं त्याचें देणें सुरू झालें. तो जाण्यास टाळाटाळ करूं लागला, किंवा ठरलेली रक्कम भरीना, तर मग मोहसल. मोहसल म्हणजे तगाद्यासाठीं दारांत बसविलेला माणूस. काम होईपर्यंत तो तेथेंच बसावयाचा, आणि त्याचें पोट ज्याच्या दारीं बसला त्यानें भरावयाचें. घरांत पोरांना पेज नसली तरी ओटीवरच्या शिपायाला भात वाढला पाहिजे. या युक्तींत राज्याचा एक पैसाहि खर्च होत नाहीं, हें तिचें मर्म. आमच्या भाषेंत ‘मसाला’ शब्दाचा हा अर्थ आतां लोपला, हें एका परी बरेंच झालें.

पुढें निवाडा झाला. हरला त्यानें गुन्हेगारी द्यावयाची आणि जिंकला त्यानें हरकी. हरकी म्हणजे हर्षाबद्दलची रक्कम. तुमचा न्याय झाला, तुम्हांला आनंद झाला, तेव्हां सरकारास कांहीं द्या! याज्ञवल्क्याचे शेंकडा दहा आणि शेंकडा पांच येथें फारसी-मराठी वेषांत पुन्हां भेटतात. हरकी मुख्यतः वतनाच्या आणि मालमत्तेच्या तंट्यांत घेत, हें खरें; परंतु त्या काळीं दिवाणी आणि फौजदारी यांच्यामध्यें आजच्यासारखी भिंत नव्हती. ‘गुन्हेगारी’ हा शब्दच पाहा. आज त्याचा अर्थ गुन्ह्यांचें प्रमाण. त्या वेळीं त्याचा अर्थ गुन्ह्याबद्दल सरकारांत जमा झालेला पैसा. ही रक्कम हिशेबांत इतर किरकोळ जमेशेजारीं लिहिली जाई. ज्याला दंड झेपे तो देऊन घरीं जाई. ज्याला न झेपे तो किल्ल्यावर बेडी घालून काम करी आणि शिध्यावर दिवस काढी. व्यभिचाराचा आरोप आलेली स्त्री दंड देण्याइतकी संपन्न नसली, किंवा तिच्या माहेरसासरचें कोणी पुढें आलें नाहीं, तर तिला बटीक म्हणून सरकारांत ओढीत. एकाच अपराधाला दोन वेगळ्या शिक्षा होत्या, आणि त्यांतली कोणती वांट्याला यावयाची हें गांठीच्या पैशावर ठरे.

दुसऱ्या बाजीरावानें मामलती इजाऱ्यानें देण्याचा सपाटा लावला, तेव्हां हें सगळें विकोपास गेलें. इजारदारानें ठराविक रक्कम पुण्यास भरावयाची. वरचें तें त्याचें. अशा माणसाच्या हातीं दंडाची लेखणी दिल्यावर काय होणार हें सांगावयास नको. तरीहि मराठी व्यवस्थेच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. तींत शिक्षा म्हणून फांशी फार क्वचित होई, आणि दंडाची रक्कम माणसाची कुवत पाहून, घासाघीस करून, ठरे. ज्याच्या घरीं दोन बैल त्याला एक दंड, ज्याच्या घरीं नांगरहि नाहीं त्याला दुसरा. आमच्या छापील कायद्यांनीं ही घासाघीस बंद केली, आणि तिच्याबरोबर माणसाची कुवत पाहण्याची संवयहि पुष्कळ अंशीं गेली.

आणखी एक मराठी चाल पुढील कथेस आवश्यक आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत तिचें वर्णन आहे. चोरी झाली कीं चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग ज्या गांवाच्या शिवेंत शिरला त्या गांवानें तो आपल्या हद्दीबाहेर काढून दाखवावा. न दाखवितां आला तर चोरीची भरपाई त्या गांवानें करावी. गांवानें जागता पहारा ठेवावा म्हणून ही योजना. आपल्या शेजाऱ्याच्या पावलांबद्दल आपण पैसे भरावयाचे, ही कल्पना येथें इतकी रुजलेली होती कीं नव्या राज्यकर्त्यांना ती शोधावी लागली नाहीं.

त्या नव्या राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशांत स्थिति काय होती? १७७३ सालीं जॉन हॉवर्ड हा बेडफर्ड परगण्याचा शेरीफ झाला. आपल्या तुरुंगांत त्याला असे लोक आढळले कीं, ज्यांना पंचांनीं निर्दोष ठरविलें होतें, तरीहि ते पुन्हां कोठडींत ओढले गेले होते. कारण तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता. कैद्यांकडून येणारी फी हेंच त्याचें उत्पन्न, आणि ती भरल्यावांचून सुटका नाहीं. हॉवर्डनें आवाज उठविला आणि १७७४ सालीं पार्लमेंटनें निर्दोष सुटलेल्यांकडून अशी फी घेणें बंद केलें. म्हणजे आमचा मोहसल ओटीवर बसून जें करी, तेंच इंग्रजांचा जेलर कुलुपाआड करी. या बाबतींत कोणी कोणाला हंसण्याचें कारण नाहीं.

१८१८ नंतर हरकी, मसाला हे शब्द दप्तरांतून निघून गेले आणि त्यांच्या जागीं मुद्रांकित कागद आला. १८७० च्या कोर्ट-फी कायद्यांत असें होतें कीं, पोलिसांना आपण होऊन ज्याची दखल घेतां येत नाहीं अशा गुन्ह्याची कोणी तोंडी फिर्याद केली आणि ती लिहून घ्यावी लागली, तर फिर्यादीनें आठ आणे भरावे. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलच्या फिर्यादीलाहि हाच दर होता. आठ आणे म्हणजे तेव्हांच्या मजुराची एका दिवसाहून अधिक मजुरी. न्यायाधिशाला ती माफ करण्याचा अधिकार होता. आरोपी दोषी ठरला तर ते आठ आणे आणि समन्साचा खर्च त्यानें फिर्यादीस परत करावा, असेंहि कलम होतें. मात्र त्याच कायद्यांत एक ओळ अशी आहे कीं जिच्याबद्दल तो लिहिणाऱ्यांस श्रेय दिलें पाहिजे: बंदिवानानें केलेल्या अर्जाला फी नाहीं. समन्सासाठीं धाडलेल्या शिपायाचें पोट आरोपीच्या घरीं भरावयाचें नाहीं, आणि बंदींत पडलेल्यानें दाद मागतांना पैसे मोजावयाचे नाहींत, या दोन सुधारणा लहान दिसतात, पण मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही राजवटींच्या मानानें त्या मोठ्या होत्या.

चिंचणीच्या पूर्वेस, रेल्वेच्या रुळांपलीकडे, डहाणू-जव्हारच्या जंगलपट्टींत मात्र वेगळा न्याय चाले. १८७८ च्या आणि पुढें १९२७ च्या वनकायद्यांत जंगलखात्याच्या अधिकाऱ्याला गुन्ह्याची तडजोड करण्याचा अधिकार दिलेला होता. तो कायदा वाचतांना एका शब्दावर दृष्टि खिळून राहते. ज्याच्याविरुद्ध वाजवी संशय असेल अशा माणसाकडून भरपाई म्हणून रक्कम घ्यावी आणि त्याला सोडावें, असें तेथें म्हटलें आहे. शाबिती नव्हे, संशय! हा अधिकार वापरणारा अधिकारी निदान रेंजरच्या हुद्द्याचा आणि दरमहा शंभर रुपये पगाराचा असावा, आणि रक्कम पन्नास रुपयांहून अधिक नसावी, अशा मर्यादा १९२७ च्या कायद्यानें घातल्या होत्या. पण मोळी घेऊन चाललेल्या वारल्याला पन्नास रुपये म्हणजे काय, हें कायदा लिहिणाराला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. खटला लढवावा तर तालुक्याला खेपा, वकील, बुडालेली मजुरी. त्यापेक्षां संशयाचे पैसे भरून मोकळें व्हावें. गुन्हा न केलेल्या माणसालाहि शहाणपणाचा मार्ग हाच वाटावा, अशी ती रचना होती.

आतां त्या मागाच्या चालीकडे वळूं. १८६१ च्या पोलीस कायद्यांत तिचा नवा अवतार आला. ज्या भागांत अशांतता असेल तेथें जादा पोलीस बसवावे आणि त्यांचा खर्च तेथील रहिवाशांकडून वसूल करावा. मुंबई इलाख्यांत याचें गाजलेलें उदाहरण खेडा जिल्ह्यांतील बोरसद तालुक्याचें. बाबर देवा नांवाच्या दरोडेखोराच्या बंदोबस्तासाठीं १९२३ सालीं सरकारनें जादा पोलीस आणले आणि २,४०,०७४ रुपयांचा खर्च तालुक्यावर बसविला. सोळा वर्षांवरील प्रत्येक माणसामागें दोन रुपये सात आणे. ज्यांना दरोडेखोरांनीं लुटलें, त्यांनींच दरोडेखोरांना आश्रय दिल्याचा दंड भरावयाचा! वल्लभभाई पटेलांनीं लोकांना कर न देण्यास सांगितलें, आणि १९२४ च्या जानेवारींत सरकारला तो रद्द करावा लागला.

१९४२ सालीं सरकारनें पोलिसांच्या खर्चाचें निमित्तहि सोडलें. सामुदायिक दंडाचा वटहुकूम निघाला. ज्या गांवानें चळवळींत भाग घेतला असें सरकारला वाटेल त्या गांवावर दंड बसवावा, तो रहिवाशांत वांटून द्यावा, आणि न दिल्यास जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावा. कोणाला वगळावयाचें तें सरकारनें ठरवावें. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघरला मोर्च्यावर गोळीबार होऊन पांच माणसें बळी पडलीं. आजहि तेथील हुतात्मा चौकांत त्या दिवशीं लोक जमतात. त्या काळांत सबंध हिंदुस्थानांत बसविलेल्या सामुदायिक दंडाची बेरीज सुमारें ९० लाख रुपये झाली. या दंडाला आरोपपत्र नव्हतें, साक्षीदार नव्हते, अपील नव्हतें. पुष्कळ गांवांत दंड भरणारा मनुष्य चळवळीच्या दिवशीं शेतावर असेल, नाहींतर समुद्रावर.

स्वातंत्र्यानंतर सामुदायिक दंडाची ही धामधूम संपली. पण जामिनाचा प्रश्न उरला, आणि माझ्या मतें आज न्यायाचें खरें मोल तेथेंच द्यावें लागतें. जामीन ही फी नाहीं, असें वकील सांगतील, आणि शब्दशः तें बरोबर आहे. पैसा परत मिळतो. पण ज्याच्यापाशीं तो मुळांतच नाहीं त्याला परत काय मिळणार? १९१६ सालीं लोकमान्य टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा स्वतःचा मुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. टिळकांना जामीन मिळण्यास अडचण नव्हती, आणि त्याच वर्षीं हायकोर्टानें तो हुकूम रद्दहि केला. पण १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें मध्यप्रदेशांतील एक गवंडी आला. त्याला जामिनावर सोडण्याचा हुकूम झाला होता. खालच्या न्यायाधिशानें दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं या प्रकारावर कडक ताशेरे ओढले आणि गरिबाला झेपेल असाच जामीन मागावा, असें बजावलें. त्याच महिन्यांत महाराष्ट्रांतून आलेल्या एका खटल्यांत त्यांच्यापुढें असा कैदी होता कीं ज्याच्या हातीं निकालाची नक्कलच वेळेवर पडली नाहीं, आणि त्यामुळें अपिलास वर्षांचा विलंब झाला. निकालाची नक्कल कैद्याला तत्काळ आणि विनामूल्य मिळावी, गरीब कैद्याला अपिलासाठीं सरकारी खर्चानें वकील मिळावा, असें न्यायालयानें ठरविलें. १८७० च्या त्या एका ओळीला पूर्ण अर्थ यावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

आज जामीन राहणाऱ्याकडून ऐपतीचा दाखला मागतात, नाहींतर सातबाराचा उतारा, नाहींतर पगाराचा पुरावा. चिंचणीच्या किनाऱ्यावरील खलाशाच्या, किंवा बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या ओळखीच्या माणसांपैकीं किती जणांच्या नांवें सातबारा असेल? दाखला काढण्यासाठीं तहसील कचेरींत खेपा, तेथें तिकीट, कागद, आणि दर खेपेला एक बुडालेला दिवस. हा सगळा खर्च आरोपीचा भाऊ किंवा बायको करते. तिच्यावर तर कसलाहि आरोप नाहीं.

२०२३ सालीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांसाठीं एक योजना काढली. जामिनाचा हुकूम होऊनहि पैशाअभावीं आंत अडकलेल्या कच्च्या कैद्यासाठीं चाळीस हजार रुपयांपर्यंत, आणि दंड न भरल्यामुळें सुटका लांबलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठीं पंचवीस हजारांपर्यंत रक्कम सरकारनें भरावी, असें तींत तेव्हां होतें. कांहीं गंभीर कायद्यांखालील आरोपी तींतून वगळले आहेत. हजार वर्षांपूर्वीं गांवाबरोबर दंडाचें उत्पन्न दान देणाऱ्या या देशांत कैद्याचा दंड राज्यानें भरावा, ही नवी गोष्ट आहे. योजनेचा नियम असा आहे कीं, जामिनाचा हुकूम झाल्यापासून सात दिवसांत कैदी सुटला नाहीं तर तुरुंगाधिकाऱ्यानें तें जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावें. मग त्याची आर्थिक स्थिति तपासून प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढें जातें. ठाण्याचा तुरुंग जुन्या पोर्तुगीज किल्ल्यांत आहे. तेथें ज्याच्या नांवाचा जामीन-हुकूम येऊन पडला आहे त्याचे ते सात दिवस नीट मोजले जातात कीं नाहीं, हें पाहण्याचा अधिकार तुम्हां-आम्हांलाहि आहे, आणि त्या चौकशीला फी पडत नाहीं.